ब्रिटनने कौल दिला, पण कशाला?



२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, एवढेच मतपत्रिकेवर विचारले होते. त्या दिवशी मत देण्याचा हक्क कुणाला होता, ते आधी सांगतो, कारण त्यात आपली माणसेही आहेत. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होते. म्हणजे पुण्याहून नोकरीसाठी गेलेला, खिशात भारतीय पासपोर्ट असलेला एखादा अभियंता मतदार यादीत नाव नोंदवून मतदान करू शकत होता. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातल्या गोवेकरांचे मात्र तसे नव्हते. १९६१ पूर्वीच्या गोव्यात आपला, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म झाल्याच्या नोंदीवरून पोर्तुगालचे नागरिकत्व घ्यायचे आणि त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कामाला जायचे, ही वाट गोव्यातल्या हजारो कुटुंबांनी धरली होती. पोर्तुगीज नागरिक म्हणून त्यांना या सार्वमतात मत नव्हते. ज्या संघामुळे त्यांना तिथे राहता येत होते, त्याच संघाबद्दलचा हा प्रश्न होता आणि त्यांनाच तो विचारला गेला नाही. पुण्याच्या अभियंत्याचा व्हिसा तर निकाल काहीही लागला तरी तसाच राहणार होता.

निकाल आपल्याला माहीत आहे. बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख मते, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. इंग्लंड आणि वेल्सने बाहेरचा रस्ता निवडला, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने राहण्याचा.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांना अडाणी किंवा परद्वेष्टे ठरवणारे लिखाण आपल्याकडेही बरेच छापून आले. मला ते अन्यायाचे वाटते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी नावाचे बंदर आहे. एके काळी तिथले ट्रॉलर आइसलंडपर्यंत मासेमारीला जात. सत्तरच्या दशकात आइसलंडने आपली सागरी हद्द २०० मैलांपर्यंत वाढवली आणि ते पाणी त्यांना बंद झाले. घराजवळच्या समुद्रात संघाच्या नियमांमुळे इतर युरोपीय देशांचाही वाटा होता. मोठा घाव आइसलंडचा होता, ब्रुसेल्समधल्या युरोपीय संघाचा नव्हे, हे खरे. पण ज्याच्या बापाची बोट भंगारात गेली, त्याला आपल्या समुद्राचे नियम आपल्या संसदेने करावेत असे वाटले, तर त्यात अडाणीपणा कोणता? ग्रिम्सबीच्या भागात दहापैकी सात जणांनी बाहेर पडण्यासाठी मत दिले. जवळच्याच बॉस्टन गावात हे प्रमाण ७५ टक्क्यांवर गेले. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश संघात आले, तेव्हा जर्मनीने आपला कामगार बाजार त्यांच्यासाठी २०११ पर्यंत पूर्णपणे खुला केला नाही. ब्रिटनने तो पहिल्याच दिवशी खुला केला. बॉस्टनच्या भाजीच्या मळ्यांना मजूर मिळाले, पण गावात त्या मानाने नवे दवाखाने आले नाहीत की शाळांत वर्ग वाढले नाहीत. ही चूक लंडनची होती.

प्रचारातला खोटेपणा हाही इतिहासाचा भाग आहे. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, असे लाल बसवर रंगवून ती बस देशभर फिरवली. या आकड्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केलेली नव्हती आणि तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच तो दिशाभूल करणारा ठरवला होता. मतदानाला एक आठवडा उरला असताना, युरोपात राहण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्या मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांची त्यांच्याच मतदारसंघात हत्या झाली. त्या ४१ वर्षांच्या होत्या, दोन लहान मुलांची आई होत्या. मतभेदाची किंमत इतकी असू नये, कुठल्याच देशात.

पण माझा मुख्य आक्षेप प्रश्नावरच आहे. ‘राहायचे’ म्हणजे काय, ते सर्वांना ठाऊक होते, कारण १९७३ पासून देश तेच जगत होता. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, ते कुणीच लिहून दिले नव्हते. नॉर्वे संघाबाहेर आहे, पण युरोपच्या बाजारपेठेत आहे आणि त्यासाठी युरोपातल्या माणसांना मुक्तपणे येऊ देतो. तुर्कस्तान बाहेर आहे, पण त्याचा युरोपशी सीमाशुल्क संघ आहे. कॅनडाचा नुसता व्यापार करार आहे. यापैकी काहीच न करताही बाहेर पडता आले असते. ज्याला नॉर्वे हवा होता आणि ज्याला परदेशी मजूर थांबवायचे होते, त्या दोघांनीही एकाच चौकटीत फुली मारली.

इथे गोव्याची आठवण येणे साहजिक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलातही दोनच पर्याय होते. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. महाराष्ट्र समोर उभा होता, केंद्रशासित प्रदेशाचा कारभार लोक रोज पाहत होते. विलीनीकरणवाद्यांचा ३४,०२१ मतांनी पराभव झाला आणि त्याची सल कित्येक मराठी मनांत पुढे वर्षानुवर्षे राहिली. तरीही कौल कशाला दिला, याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती. असा स्पष्ट प्रश्न विचारणे ब्रिटनलाही नवे नव्हते. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतंत्र विधानसभा द्यायची का, यावर सार्वमत घेताना कायदा आधी मंजूर केला होता, आणि एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अटही होती. झालेल्या मतदानात बहुमत मिळाले, ४० टक्के भरले नाहीत आणि ती विधानसभा झाली नाही. २०१६ मध्ये अशी अट नव्हती आणि तपशिलाचा कायदाही नव्हता.

म्हणून खरे भांडण निकालानंतर पेटले. संसदेला विचारल्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले, तर एका वृत्तपत्राने न्यायाधीशांचे फोटो छापून त्यांना जनतेचे शत्रू म्हटले. १५ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा युरोपीय संघाशी झालेला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. कॉमन्स सभागृहाच्या इतिहासात कुठल्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नव्हता. हा करार आपल्याला युरोपशी फार बांधून ठेवतो म्हणणारे हुजूर पक्षाचे खासदार आणि हा आपल्याला फार दूर नेतो म्हणणारे मजूर पक्षाचे खासदार, दोघांनी मिळून तो पाडला. मार्चमध्ये सभागृहाने आठ पर्याय मतास टाकले, आठही पडले. १ एप्रिलला चार टाकले, तेही पडले. सीमाशुल्क संघाचा पर्याय तर २७३ विरुद्ध २७६, म्हणजे तीन मतांनी गेला. जग तेव्हा त्या संसदेला हसले. मला मात्र वाटते, मतपत्रिकेवर जे विचारायचे राहून गेले होते, ते ती संसद उशिरा का होईना, उघडपणे विचारत होती.

अखेर ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन बाहेर पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जे युरोपीय नागरिक तिथे राहत होते, त्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपला राहण्याचा हक्क टिकवायचा होता. स्विंडनच्या गोवेकरांनीही तेच केले. ज्यांची गोव्यात पोर्तुगीज कागदपत्रे नुकतीच तयार होत होती, त्यांच्यासाठी मात्र ब्रिटनची वाट बंद झाली.

सर्वांत मोठे ओझे उत्तर आयर्लंडवर पडले. संघातच राहिलेल्या आयर्लंड प्रजासत्ताकाशी त्याची सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. तिथल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली, तेव्हा १९९८ चा शांतता करार झाला. सीमेवरच्या लष्करी चौक्या गेल्या, शेतकरी एका देशातून दुसऱ्या देशात दूध नेऊ लागला. ब्रिटन बाहेर पडल्यावर हीच रेषा युरोपीय संघाची हद्द झाली. तिथे पुन्हा जकात नाके उभे करण्याची हिंमत कुणाला नव्हती, आणि नसावीच. म्हणून तपासणी समुद्रात सरकवली, ब्रिटनच्या मुख्य बेटावरून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालावर. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या युनियनवाद्यांना आपलाच देश आपल्याला तोडतोय असे वाटले. त्यांच्या डीयूपी पक्षाच्या बहिष्कारामुळे तिथले सरकार २०२२ पासून दोन वर्षे ठप्प होते. शस्त्रक्रियेच्या रांगा वाढत होत्या आणि निर्णय घ्यायला मंत्री नव्हते.

समुद्रातल्या तपासणीची ही व्यवस्था पुढे चालवायची का, हे ठरवण्याचा अधिकार त्या प्रांताच्या विधानसभेला दिलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिने ४८ विरुद्ध ३६ मतांनी होकार दिला. युनियनवादी सदस्यांनी विरोध केला. युनियनवादी आणि आयरिश राष्ट्रवादी अशा दोन्ही समाजांचा होकार मिळाला असता तर पुढचे मतदान आठ वर्षांनी झाले असते. तो मिळाला नाही, म्हणून ते चारच वर्षांनी होईल. तेव्हा मत देणाऱ्यांसमोर बारा वर्षांपूर्वीसारखी कोरी पाटी नसेल. कायदा, बंदरातली तपासणी आणि दुकानातले भाव, सगळे त्यांच्या समोर असेल.