घरची ड्युटी



पदवीदानाचा विषय निघाला की कल्याणला थोडी ऐट करायचा हक्क आहे. 1865 साली इथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे शल्य त्यांना त्या वाटेवर घेऊन गेलं. ती मदत घराघरांत नेण्याचं काम, घरच्या रुग्णसेवेचं प्रमाणपत्र घेताना, आज तुम्ही पत्करताय. त्यामुळे ‘छोटासा कोर्स केलाय’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

तुम्ही ज्या घरांत जाणार, ती मला ठाऊक आहेत. डोंबिवलीतली लिफ्ट नसलेली चार मजली इमारत. हॉलमधल्या दिवाणावर पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेले आजोबा. मुलगा-सून सकाळच्या लोकलला. डिस्चार्जच्या कागदांबरोबर नाकातली नळी, लघवीची पिशवी आणि औषधांची चिठ्ठी घरी आलेली असते. हे सगळं सांभाळायचं कसं, ते निघताना घाईघाईत सांगितलेलं असतं, तेही घाबरलेल्या माणसाला. मग रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो आणि तुम्ही दारात उभे राहता.

पुढची कामं ऐकायला किरकोळ वाटतात. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या; दाबूनही लाली जात नसेल तर बेडसोर सुरू झालाच म्हणून समजा. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू निदान तीस अंश उंच हवी, भरवून झाल्यावरही काही वेळ तशीच. आडवं ठेवून भरवलं तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर. आणि ऑक्सिजनचं यंत्र असलेल्या घरी महावितरणचा शटडाऊन कधी आहे ते विचारा, भरलेला सिलिंडर आहे का ते बघा. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, आपल्या भागात मात्र येतो.

घरी घेतलेल्या अशा काळजीने खरंच फरक पडतो का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला: तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी कमी. त्या बायका डॉक्टर नव्हत्या. पण धोक्याची लक्षणं त्यांना पाठ होती आणि त्या नोंदी ठेवत होत्या. मला त्यातली नोंदवहीच सर्वांत मोलाची वाटते. ‘पेशंट ठीक आहे’ ही नोंद नव्हे. ताप किती, लघवी किती, काय खाल्लं, धाप लागते का, गुंगी वाढली का, हे लिहा. बदल दिसला की डॉक्टरांना फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि जे शिकला नाहीत ते करू नका. ‘एवढं इंजेक्शन टोचून टाका ना’ असं घरचे गळ घालतील. ते काम नोंदणीकृत नर्सचं आहे, असं स्पष्ट सांगा.

आता जरा अडचणीचं बोलतो. ब्युरोचा हिशेब दिवसांवर चालतो: जितके दिवस पेशंट पडून, तितके दिवस ड्युटी. तुमचं यश नेमकं उलट दिशेला आहे. तुमची गरज संपली, तर तुम्ही चांगलं काम केलंत. आजोबा लुळ्या हातात चमचा धरून जेवायला पाऊण तास लावतील. पटकन भरवून मोकळं व्हावंसं वाटेल, सून म्हणेल, ‘भरवा हो, सांडतंय सगळं.’ सांडू द्या. फरशी पुसता येते. झटक्यानंतरचे पहिले काही महिने हात परत मिळवायचे असतात, ते पुन्हा येत नाहीत.

पालकांत सोसायटीचे पदाधिकारीही बसलेत, त्यांनाही एक सांगतो. बारा तासांच्या ड्युटीला आलेल्या माणसाला डबा खायला जागा आणि टेकायला खुर्ची लागते. चहाचा वेगळा कप मात्र लागत नाही.

आणि तुम्हाला एवढंच सांगणं: पहिल्या घरी, पहिल्याच दिवशी, घरातल्या एका माणसाला पेशंटची कूस बदलायला शिकवा.