'थांबवा' म्हणायला संकोच नको

चालताना छातीत भरून येऊ लागलं की डॉक्टर 'स्ट्रेस टेस्ट' करून घ्यायला सांगतात. छातीवर ईसीजीच्या तारा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि पायांखाली सरकता पट्टा. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेली पद्धत आपल्याकडेही सर्रास वापरतात. सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ असतो. मग दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात वेग साडेपाच किलोमीटर, चढ १४ टक्के!

पुष्कळांना वाटतं, ही परीक्षा आहे आणि ती दात-ओठ खाऊन पास व्हायची. पण श्रम पडल्यावर हृदय कसं वागतं, एवढंच डॉक्टरांना पाहायचं असतं. ते चौथ्या मिनिटाला कळलं, तरी तपासणीचं काम झालं.

मग थांबायचं केव्हा? श्रम वाढले की वरचा रक्तदाब वाढायला हवा. तो १०पेक्षा जास्त घसरला आणि ईसीजीतही बिघाड दिसला, तर हृदयाला भार पेलत नाही असं समजून पट्टा लगेच थांबवतात. वरचा दाब २५० किंवा खालचा ११५ च्या पलीकडे गेला, तरी थांबवण्याचा विचार करतात. ठोक्यांची लय धोकादायक झाली, चेहरा पांढराफटक पडला, तोल जाऊ लागला, तरीही थांबवतात.

हे सारं डॉक्टरांना दिसतं. मात्र छातीतली वाढती कळ, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारं दुखणं, डोळ्यांपुढची अंधारी हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? म्हणून कळ सुरू होताच सांगा. 'आता पुरे' असं रुग्णानं म्हणणं, हे तपासणी थांबवण्याचं पुरेसं कारण वैद्यकशास्त्रानंच मानलं आहे.

२२० मधून वय वजा करून त्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे, असा एक हिशेब असतो. पन्नाशीच्या माणसाला तो १४५ च्या आसपास येतो. पण त्या आकड्यासाठी दुखणं सोसू नका. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तो गाठलाही जात नाही.

आणखी दोन गोष्टी. अलीकडे बसल्या जागीही छातीत दुखत असेल, तर पट्ट्यावर चढण्याआधीच सांगा. अशा वेळी ही तपासणी टाळतात. आणि पट्टा थांबला की लगेच निघू नका. काही बिघाड विश्रांतीच्या पहिल्या काही मिनिटांतच दिसतात. डॉक्टर म्हणेपर्यंत तारा अंगावर राहू द्या.