साखळी-करवतीची खरी कसोटी

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

सन २०२१ मधील मे महिन्याची १६ तारीख गोव्यातील लोक सहसा विसरणार नाहीत. त्या दिवशी ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले आणि गावोगाव झाडे उन्मळून रस्त्यांवर, विजेच्या तारांवर आणि घरांवर पडली. आमच्या वाड्यावरील एक जुना फणस असाच रस्त्यावर आडवा झाला होता. दोन माणसांनी करवत ओढून त्याचे तुकडे करावयाचे म्हटले असते, तर अख्खा दिवस गेला असता. परंतु एक तरुण साखळी-करवत, म्हणजे आपण सर्रास ज्याला ‘चेनसॉ’ म्हणतो ते यंत्र, घेऊन आला आणि तासाभरात रस्ता मोकळा झाला. तो तरुण माझा जुना विद्यार्थी होता. यंत्र मात्र भाड्याचे होते.

पुढे काही महिन्यांनी तो दोन-तीन यंत्रांची इंग्रजी माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आला. “सर, आता स्वतःचं मशीन घ्यायचं आहे. ह्यांत सगळ्यांत जोरदार कोणतं, तेवढं वाचून सांगा,” असे म्हणाला. मी भाषेचा शिक्षक. यंत्रांशी माझा संबंध सायकलीपलीकडे कधी गेला नाही. परंतु विद्यार्थ्याला ‘मला येत नाही’ म्हणून परत पाठविणे शिक्षकाच्या जिवावर येते. म्हणून मी वाचावयास बसलो, आणि जे हाती लागले तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर पाहू. इंधनावर चालणारी साखळी-करवत जर्मनीत जन्मास आली. एमिल लेर्प ह्यांनी १९२७ साली थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर आपले यंत्र चालवून पाहिले. त्याचे वजन ५८ किलो होते आणि ते उचलावयास दोन माणसे लागत. आंद्रेआस श्टील ह्यांनी १९२९ साली काढलेले यंत्र ६ अश्वशक्तीचे व ४६ किलो वजनाचे होते. त्याच कारखान्याने तीस वर्षांनी, १९५९ साली, ‘कोन्ट्रा’ नावाचे यंत्र बाजारात आणले. शक्ती तीच, ६ अश्वशक्ती; वजन मात्र १२ किलो. आणि २०१९ मध्ये आलेले ‘एमएस ५००आय’ हे यंत्र ५ किलोवॅटचे, म्हणजे सुमारे पावणेसात अश्वशक्तीचे असून, पट्टी व साखळी वगळता त्याचे वजन केवळ ६.२ किलो आहे. ज्या ताकदीसाठी पूर्वी दोन गडी वाकत, ती आज एका हाताला उचलता येते.

आजच्या व्यावसायिक यंत्रांची तुलना करणारे जाणकार म्हणूनच नुसती शक्ती पाहत नाहीत. एका किलोवॅटमागे किती वजन वाहावे लागते, हे ते पाहतात. ह्या हिशेबाने ५००आय यंत्रात किलोवॅटमागे सव्वा किलोच्या आत वजन पडते. त्याच कारखान्याचे ‘एमएस ६६१’ अधिक बलवान, ५.४ किलोवॅटचे आहे. परंतु त्याचे वजन ७.४ किलो, म्हणजे किलोवॅटमागे १.३७ किलो. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीचे ‘५७२ एक्सपी’ हे ४.३ किलोवॅटचे आणि ६.६ किलोचे; तेथे हा आकडा १.५३ वर जातो. एक-दोन कापांत हा फरक कोणाला जाणवणार नाही. पण जो दिवसभर यंत्र पेलून उभा राहतो, त्याच्या कमरेला संध्याकाळी तो बरोबर कळतो.

येथपर्यंत वाचून मी म्हटले, “अरे, उत्तर सापडले!” तेव्हा माझा विद्यार्थी हसला. “सर, साखळीला धार नसेल तर ह्यातलं काहीच खरं नाही,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे सोळा आणे खरे होते. करवतीचे इंजिन लाकूड कापीत नाही. लाकूड कापतो तो साखळीचा दात. ह्या दाताची कथाही मनोरंजक आहे. जोसेफ कॉक्स नावाचा एक अमेरिकन लाकूडतोड्या १९४६ साली ओरेगॉन राज्यात लाकडे फोडीत असता, ओंडक्यातील एका भुंग्याची अळी त्याच्या दृष्टीस पडली. ती आपल्या दोन वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कुरतडीत, लाकडाच्या रेषेचा आडवा-उभा विचार न करता, सरळ वाट काढीत होती. कॉक्सने त्या जबड्यांच्या धर्तीवर पोलादी दात घडविला, आणि आजच्या बहुतेक साखळ्यांचे दात त्याच घराण्यातील आहेत.

धारदार दात लाकडाचे जाड ढलपे काढतो. बोथट दात नुसता भुसा पाडतो. पायाशी भुसा पडू लागला की कानस हाती घ्यावयाची, हा ह्या धंद्यातील पहिला धडा होय. तसे न करता जो यंत्र लाकडावर दाबतो, तो इंधन जाळतो, साखळी तापवितो आणि स्वतः दमतो. धार लावलेले लहान यंत्र बोथट साखळीच्या मोठ्या यंत्राला सहज मागे टाकते. म्हणूनच दोन यंत्रांची प्रामाणिक परीक्षा घ्यावयाची तर ओंडका एकाच जातीचा व जाडीचा हवा, पट्टी सारख्या लांबीची हवी, साखळी सारखी आणि नुकतीच धार लावलेली हवी. शिवाय एका कापावर न थांबता अनेक कापांची सरासरी काढावयास हवी. लाकूड कापण्याच्या ‘टिंबरस्पोर्ट्स’ ह्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर एका प्रकारात सर्व स्पर्धकांना एकाच जातीचे यंत्र देतात आणि ४० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याच्या दोन चकत्या कापावयास लावतात. यंत्र तेच, तरीही कोणी पुढे जातो, कोणी मागे राहतो. तो फरक माणसाचा असतो.

श्रोतेहो, माणसाचा विषय निघाला, तेव्हा त्या माहितीपत्रकाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या दोन आकड्यांकडे मी आपले लक्ष वेधतो. डाव्या मुठीला बसणारा कंप आणि उजव्या मुठीला बसणारा कंप, असे ते दोन आकडे असतात. माझ्या विद्यार्थ्याने ते कधी पाहिलेच नव्हते. मीही ते वगळून पुढे गेलो असतो. पण ह्या दोन आकड्यांमागे फार मोठा इतिहास उभा आहे.

पूर्वीच्या यंत्रांचा हादरा सरळ हातांत उतरत असे. वर्षानुवर्षे तो सोसणाऱ्या लाकूडतोड्यांच्या बोटांतील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडत. थंडीत बोटे पांढरीफटक पडत, बधिर होत. सदऱ्याची गुंडी लावणेही कठीण होई. फिनलंडमधील सुओमुस्साल्मी ह्या भागात जंगल-कामगारांची १९७२ पासून १९९० पर्यंत वेळोवेळी तपासणी झाली. आरंभी शेकडा ४० जणांच्या बोटांना हा विकार होता. शेवटी तो शेकडा ५ वर आला. त्याच अवधीत करवतीच्या कंपाचे माप १४ वरून २ वर उतरले होते. इंजिन आणि मुठी ह्यांच्या मध्ये रबराच्या उशा व स्प्रिंगा बसविल्या, यंत्रे हलकी झाली, आणि हजारो हात वाचले. युरोपात २००२ च्या नियमाने आठ तासांच्या दिवसाला कंपाची कमाल मर्यादा ५ ठरविली असून, २.५ पासूनच मालकाने उपाय योजावयाचे असतात.

दुसरी सुधारणा ब्रेकची. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला अवचित लागला, तर यंत्र उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. डाव्या हातापुढील ढाल पुढे ढकलली जाताच निमिषार्धात साखळी थांबविणारा ब्रेक १९७० नंतरच्या काही वर्षांत रूढ झाला. ह्या कामासाठी मिळणाऱ्या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागताच ते धागे तिच्यात गुंततात आणि ती जागीच अडते.

आता पाहा, ह्या सुधारणांपैकी एकीनेही ओंडका लवकर कापला जात नाही. घड्याळ लावून पाहणाऱ्याच्या हिशेबात त्यांना शून्य गुण मिळतील. पण ज्याला वीस वर्षे हा धंदा करून पोरांना शिकवावयाचे आहे, त्याच्या हिशेबात पहिला गुण ह्यांनाच मिळावयास हवा. जोर हा यंत्राचा गुण खरा. परंतु चालविणाऱ्याचे हात धड ठेवील तेच यंत्र कामाचे.

हे सारे मी माझ्या विद्यार्थ्याला वाचून दाखविले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, भाड्याच्या मशीनवर दिवसभर काम केलं की रात्री बोटांना मुंग्या येतात. मला वाटायचं, सवय नाही म्हणून.” मी त्याला आधी डॉक्टरकडे जावयास सांगितले.

शेवटी त्याने सर्वांत जोरदार यंत्र घेतले नाही. मध्यम ताकदीचे, कमी हादऱ्याचे घेतले, आणि उरलेल्या पैशांत शिरस्त्राण, कानांवरची झापणे, ती विजार आणि दोन गोल कानशी घेतल्या. सोबत्यांनी त्याची थोडी थट्टा केली म्हणे. गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा आमच्या रस्त्यावर पडलेली एक फांदी कापावयास आला होता. काम आटोपल्यावर आमच्या ओट्यावर बसून त्याने चहा घेतला. कप धरलेला त्याचा हात स्थिर होता.