रथावरचा कुत्रा, चाकांवरचा कुत्रा



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे 'प्राचीन मेक्सिकोतील माणूस आणि प्राणी'. तो विषय मी सोडणार नाही, पण तिकडे जाताना वाट प्रवरा आणि घोड या आपल्या दोन नद्यांच्या काठाने काढणार आहे. ताम्रपाषाण युग म्हणजे काय, जोर्वे संस्कृती कोणती, हे वर्षानुवर्षे व्याख्यानमाला ऐकणाऱ्यांना मी सांगत बसत नाही. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आपल्या पठारावरचे शेतकरी, एवढं ध्यानात असलं तरी पुरे. मला म्हणायचं आहे ते एकच, आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कुणाचा डोळा लागला तरी नुकसान नको. जुन्या समाजाचं जनावरांशी नातं काय होतं याबद्दल मूर्ती एक सांगू लागली आणि उकिरड्यावरचं हाड दुसरंच सांगू लागलं, तर आधी हाडाची साक्ष घ्यावी. मूर्ती हे त्या लोकांनी विचारपूर्वक केलेलं निवेदन असतं. हाड त्यांनी नुसतं टाकून दिलेलं असतं, आणि केर टाकताना कुणी प्रतिष्ठेचा विचार करत नाही.

सुरुवात दायमाबादपासून करू. प्रवरेकाठचं हे गाव, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं. 1974 साली तिथे झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला चार ब्राँझची शिल्पं सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. शिल्पं चाकांवर चालवायची, म्हणजे बहुधा मिरवणुकीची. रथ हाकणारा पुरुष उभा आहे आणि रथाच्या दांडीवर, सगळ्या लवाजम्याचा आपणच मालक असल्याच्या थाटात, एक कुत्रा उभा आहे. हा कुत्रा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. ही शिल्पं उत्खननातल्या थरात मिळाली नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत आजही एकमत नाही. पण समजा, दायमाबादची फक्त ही शिल्पंच आपल्याला मिळाली असती. आपण खुशाल लिहिलं असतं की हे लोक हत्ती-गेंड्यांत वावरणारे होते. रथाबद्दल आपण चुकलो नसतो, कारण बैलाची हाडं त्या काळच्या वस्त्यांमध्ये जागोजाग मिळतात. बैल होता, जू होतं, म्हणून चाक होतं. इथे मूर्तीला हाडाचा दुजोरा आहे.

आता समुद्र ओलांडू. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर व्हेराक्रूझ भागात मातीची छोटी जनावरं सापडली आहेत, पायांत आस घालून चाकांवर उभी केलेली. त्यांत कुत्रेही आहेत. म्हणजे दायमाबादला कुत्रा रथावर, तिकडे कुत्र्यालाच चाकं! मूर्तीवर विश्वास ठेवायचा तर निष्कर्ष सरळ आहे: चाक ठाऊक होतं, तेव्हा गाड्याही असणार. पण गाडी कुणी ओढायची? हाडांच्या ढिगात बैल नाही, रेडा नाही, गाढव नाही. घोडा अमेरिकेत पूर्वी होता, पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तिथून नाहीसा झाला आणि परत आला तो 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या जहाजांतून, सोळा घोड्यांच्या रूपाने. माणसाळवलेले म्हणावेत असे प्राणी मुख्यतः दोन, कुत्रा आणि टर्की. तेओतिवाकानसारखं लाखाच्या आसपास वस्तीचं शहर उभं राहिलं ते एकाही बैलाशिवाय आणि एकाही बैलगाडीशिवाय. ओझं वाहिलं माणसांनी. कपाळावर पट्टा, पाठीवर भार, असे हमाल तिथे होते. त्यांना त्लामेमे म्हणत. स्पॅनिश नोंदींप्रमाणे एकाचा भार सुमारे तेवीस किलो. पहिल्या रांगेत हसू उमटलेलं दिसतंय. इथे भिवंडीच्या गोदामांतल्या माथाडीला तेवीस किलो म्हणजे रजाच, हे मान्य. पण ते ओझं गोदामातून ट्रकपर्यंत न्यायचं नव्हतं, एका नगरातून दुसऱ्या नगरात न्यायचं होतं. तेव्हा 'बैलावाचून संस्कृती नाही' हे आपलं लाडकं गृहीत तिथे टिकत नाही, आणि 'चाक सापडलं की प्रगती आली' हेही टिकत नाही. चाकाला जनावर लागतं. ते नसेल तर चाक खेळण्यातच राहतं.

कुणी म्हणेल, गाडी ओढणारे प्राणी तिथे नव्हतेच, त्यात हाडाचं कौतुक ते काय? मग दुसरं उदाहरण घ्या. तेओतिवाकानच्या भिंतींवर हिंस्र प्राणी मोठ्या दिमाखात रंगवलेले आहेत. चित्रं पाहून वाटतं, ही रानची सत्ता, माणूस तिला दुरून नमस्कार करतो आहे. तिथल्याच चंद्राच्या पिरॅमिडच्या पोटात बळी दिलेले प्यूमा, लांडगे, गरुड, खुळखुळे साप सापडले आणि नावा सुगियामा या संशोधिकेने त्यांच्या हाडांचा अभ्यास केला. हाडांत कार्बनचे वेगवेगळे समस्थानिक असतात. मका खाणाऱ्याच्या हाडात त्यांचं प्रमाण वेगळं, रानातल्या पाल्यावर जगणाऱ्याच्या हाडात वेगळं. आणि मका खाणाऱ्याला जो खातो, त्याच्याही हाडात ती खूण उतरते. यातल्या काही हिंस्र प्राण्यांच्या हाडांत मक्याची ही खूण निघाली. प्यूमा काही कणसं सोलत बसत नाही. त्याला मक्यावर पोसलेलं मांस कुणीतरी घालत होतं. शिवाय हाडांवर बंदिवासातली दुखणी आणि जुन्या जखमा. म्हणजे भिंतीवर रानचा राजा, आणि प्रत्यक्षात पिंजऱ्यातला कैदी. ग्वातेमालातल्या सेइबाल या माया नगरातही, इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास, दूरच्या डोंगराळ मुलखातून कुत्रे आणले जात होते, हे ॲशली शार्प यांनी 2018 मध्ये हाडांतल्याच दुसऱ्या एका मूलद्रव्यावरून दाखवलं. या व्यवहाराचं चित्र कुणी काढून ठेवलेलं नाही.

आता घरी येऊ, म्हणजे सभागृह थोडं अस्वस्थ होईल. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 ते 1983 तिथे उत्खनन केलं. सव्वाशेहून अधिक घरं उघडी केली. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी मिळाली. पेटीत एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती, पेटीवर तशीच दुसरी, आणि एक बैल. वरच्या मूर्तीच्या पोटात भोक, बैलाच्या पाठीत भोक. काडी घातली की देवी बैलावर आरूढ होते. बैल पूज्य होता याला यापेक्षा चांगला पुरावा कुठला? आणि त्याच गावाच्या राखेत, केरात गाईबैलांची हाडं आहेत, शस्त्राचे घाव असलेली आणि भाजलेली. पी. के. थॉमस यांनी अशी हाडं वर्षानुवर्षे मोजली, तपासली.

कुजबुज ऐकू आली, आणि ती साहजिक आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताटावरून आजच्या ताटाचा निवाडा करायला मी आलेलो नाही, आणि दुसऱ्या कुणी तो करू नये. पण आक्षेप रास्त असेल त्याला उत्तर दिलं पाहिजे. पहिला आक्षेप: जनावर म्हातारं होऊन मेलं असेल, हाडं कुत्र्यांनी ओढून आणली असतील. कुत्र्याच्या दाताची खूण आणि पात्याचा घाव भिंगाखाली निराळे दिसतात; आणि पात्याचा घाव सांध्यापाशी, मांस सुटं करायच्या जागी असेल, तर तो कुत्र्याच्या नावावर घालता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तुटक्या तुकड्यांवरून गाय की म्हैस, शेळी की मेंढी, हे ठरतं का? पुष्कळदा नाही ठरत, आणि म्हणूनच अहवालांत 'शेळी अथवा मेंढी' असा एकत्र रकाना असतो. ही मर्यादा हाड स्वतःहून कबूल करतं. मूर्ती तेही करत नाही. माझ्या मते इनामगावकरांना पूज्य आणि भक्ष्य या दोन गोष्टींत विसंगती वाटतच नव्हती. विसंगती आपल्याला वाटते, आणि आपण ती त्यांच्या अंगणात नेऊन ठेवतो.

तिसरा आक्षेप: हाडात सगळंच उमटत नाही. त्याच्यापुढे मात्र मला जरा नमतं घ्यावं लागतं, आणि तो भिवंडीतच सांगायला हवा. प्रवरेकाठच्याच नेवाशाच्या उत्खननात एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या भोकांत दोऱ्याचे अवशेष टिकून होते. एरवी आपल्या मातीत सूत चार पावसाळेही निघत नाही. इथे तांब्याच्या क्षारांनी जंतूंना दूर ठेवलं आणि दोरा तीन हजार वर्षं वाचला. मुंबईच्या प्रयोगशाळेत कापसाच्या तंतूंचा अभ्यास करणारे गुलाटी यांनी तो तपासला, तर त्यात कापसाबरोबर रेशीम निघालं! पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या माळेत तर अळशीचा, म्हणजे जवसाचा धागा. यंत्रमागांच्या गावात पीळ, कताई, मिश्र सूत यांवर मी काय बोलावं. ज्यांची हयात मागाच्या खडखडाटात गेली ते समोर बसले आहेत. त्यांना एवढंच विचारतो, आज पॉलिस्टरमध्ये कापूस मिसळतो तसं त्या काळी रेशमात कापूस मिसळण्यामागे हिशेब काय असेल? काटकसर, की मजबुती? उत्तर पुरातत्त्वज्ञापेक्षा तुमच्यापैकी एखादा जॉबर चांगलं देईल. आणि रेशीम आलं म्हणजे किडा आला. त्या किड्याचं हाड कुठून आणणार? दूध, शेण, कातडं, लोकर, मध यांचीही तीच गत. जनावराने माणसाला दिलेलं बरंच काही हाडात उमटत नाही. तेव्हा माझं म्हणणं थोडं आवरून मांडतो: हाडाची साक्ष आधी घ्या, पण एकटीच घेऊ नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे पाय तोडून पुरलेले इनामगावचे प्रौढ राहिले, चार पायांच्या रांजणात पाय शाबूत ठेवून बसवलेला तो पुढारी राहिला, विदर्भातल्या माहूरझरीचा तांब्याच्या अलंकारांसह पुरलेला घोडाही राहिला. एक गोष्ट मात्र घाईत का होईना सांगतो. इसवी सनापूर्वी 1000 नंतर इनामगावची ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी याचं कारण घटलेला पाऊस दिलं. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011 मध्ये लहान मुलांच्या सांगाड्यांवरून तो प्रश्न पुन्हा उघडला. त्यांच्या मते हवामान आधीपासूनच कोरडं होतं. पावसाचा वाद चालू राहील. पण शिकारीच्या हरणांची हाडं वाढली, दातांतली कीड घटली, म्हणजे ताटातलं धान्य कमी झालं, ही बातमी आपल्याला माणसाच्या आणि जनावराच्या हाडांनीच दिली. खापरांवरून नक्षी बदलल्याचं कळतं, भूक लागल्याचं कळत नाही.

शेवटी एक विनंती. या तालुक्यात रोज कुठे ना कुठे गोदामाचा पाया खणला जातो आणि जेसीबीच्या बकेटमध्ये काय वर आलं हे कुणी पाहत नाही. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हाडांना कुणी दहा रुपयेही देणार नाही, त्यामुळे ती डबराबरोबर भरावात जातात. खापरांच्या आणि राखेच्या थरात हाडं दिसली, तर ती धुऊ नका, उचलू नका. फोटो काढा, काम तेवढ्या जागी थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला फोन करा.