झूम कुठपर्यंत?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी लातूर जिल्ह्यातून नांदेडला, आपल्या सोसायटीत आले. मी घरून काम करते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण "ही दिवसभर लॅपटॉपसमोर बसून करते तरी काय?" असं जिन्यात बऱ्याच काकूंनी विचारलं आहे. आज सचिवांनी दहा मिनिटं दिली आहेत, तर उत्तर देऊन टाकते. मी मोबाइलची ॲप बनवते आणि त्यात माझ्याकडे कॅमेऱ्याचं काम असतं. त्यातली एकच छोटी गोष्ट आज सांगते : झूम.

झूम दोन प्रकारचा असतो. एक भिंगाचा. काही फोनमध्ये लांबचं टिपायला वेगळी लेन्स असते, तिच्यातून लांबचं खरोखर मोठं दिसतं. दुसरा डिजिटल. त्यात फोन चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून पडदाभर करतो. पोळीचा मधला तुकडा कापून तो लाटून पुन्हा पोळीएवढा करावा, तसं. पीठ वाढत नाही, पोळी पातळ होते. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. असा ४ पट झूम केला की लांबी-रुंदी दोन्ही पाव होतात, म्हणजे सोळावा हिस्सा, साडेसात लाख ठिपके उरतात. बाकीचे फोन अंदाजाने भरतो.

आम्हा ॲप बनवणाऱ्यांना हा झूम हातात ठेवावा लागतो. अँड्रॉइडवर कॅमेराएक्स नावाची तयार सोय आहे. या फोनचा झूम कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे ती सांगते. आपण आकडा द्यायचा, ती तेवढा झूम करते. आयफोनवर आधी कॅमेऱ्याची सेटिंग आपल्यापुरती लॉक करायची, मग झूम बदलायचा. पडद्यावरची पट्टी सरकवतानाही गंमत असते. १ वरून २ वर गेलं की समोरचं दृश्य एकदम अर्धं होतं, पण ७ वरून ८ वर गेलं तर फारसा फरक जाणवत नाही. म्हणून पट्टी सुरुवातीला पळते आणि शेवटी अडून बसल्यासारखी वाटते. ती सारखी चालावी म्हणून वेगळा हिशेब लावावा लागतो. हे सगळं मला येत होतं. तरीही मी चुकले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतात उभं राहून मोबाइलने पिकाचा फोटो काढणं आपल्याकडे नवीन राहिलेलं नाही. आमच्याकडेही एक काम आलं होतं. शेतकऱ्याने रोगट पानाचा फोटो पाठवायचा, तज्ज्ञाने तो पाहून सल्ला द्यायचा. मी झूम १० पटीपर्यंत मोकळा सोडला. जास्त दिला म्हणजे चांगलं, असं वाटलं. आणि पहिला वापर करायला दिला माहेरी, अण्णांना.

पावसाळ्याचे दिवस होते. काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. अण्णांचे गुडघे दुखतात. त्यांनी बांधावर उभं राहून पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचा फोटो घेतला, पूर्ण झूम करून. मला फोनवर म्हणाले, "इथूनच झ्याक दिसायलंय की!" पडद्यावर दिसतही होतं. तज्ज्ञाचं उत्तर आलं : फोटो अस्पष्ट, पुन्हा पाठवा. मग पाऊस लागला आणि आठ दिवस तसेच गेले. शेवटी शेजारच्या पोराने रानात उतरून जवळून फोटो काढला. निघाला पिवळा मोझॅक. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि रोगट झाडं लवकर उपटली तर बाकीचं पीक वाचायची आशा असते. त्या आठ दिवसांत तो चार ओळींवरून अर्ध्या रानात गेला होता.

मी घाईघाईने झूम २ पटीवर बांधला आणि सूचना टाकली : "थोडे जवळ जा." अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, जवळ जाता आलं असतं तर झूम कशाला केला असता?"

त्या वाक्यावर मी दोन रात्री बसले. मग बदल केला. बघण्यापुरता झूम मोकळा ठेवला. पण फोटो घेताना पानाच्या वाट्याला किती ठिपके उरले ते ॲप मोजतं आणि कमी असतील तर तिथल्या तिथे सांगतं. लांबची वेगळी लेन्स असलेल्या फोनला जास्त सूट दिली. एका हातात छत्री असली की दोन बोटांनी झूम होत नाही, म्हणून अंगठ्याने सरकणारी पट्टी दिली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्याला रानात उतरता येत नाही, त्याच्या नावावर दुसऱ्याने स्वतःच्या फोनवरून फोटो पाठवायची सोय केली. अण्णांचं त्या वर्षीचं नुकसान मात्र भरून आलं नाही.

या स्मरणिकेसाठी आपला पहिल्या वर्षीचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहत होतो. मागच्या रांगेतल्या एका आजोबांचा चेहरा ओळखू येईना, नुसते चौकोन दिसत होते. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनी कपड्यांवरून आणि उभं राहण्याच्या ढबीवरून त्यांचं नाव सांगितलं.

आता थोड्या वेळाने २५ वर्षांचा ग्रुप फोटो आहे. कृपया मागे लांब उभे राहू नका, पुढे या. आणि ज्यांना जिना उतरून येणं जमलं नाही, त्यांच्या घरी कॅमेरा घेऊन मी स्वतः जाणार आहे.