अन्नमार्गातील अडथळा व स्टेंटचा उपाय
(भाषण)

बडोदे येथील सर सयाजीराव जनरल रुग्णालय व 1949 साली स्थापन झालेले तेथील वैद्यकीय महाविद्यालय यांचा आधार आसपासच्या जिल्ह्यांप्रमाणेच लगतच्या मध्य प्रदेशातील रुग्णांसही आहे. परंतु अन्ननलिकेच्या कर्करोगाचा रुग्ण मोठ्या रुग्णालयात बहुधा उशिराच पोहोचतो. प्रथम भाकरीचा घास अडतो, मग भात, मग दूध. अखेर थुंकीही उतरत नाही. घरात धान्य असून रुग्ण उपाशी राहतो.

रोग फार पसरल्यास तो शस्त्रक्रियेने समूळ काढता येत नाही. तथापि आता काहीच उपाय नाही, असे मानणे चूक होय. निकेल व टायटेनियम यांच्या मिश्रधातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, दुर्बिणीच्या साहाय्याने मिटलेल्या स्थितीत आत नेतात. अडथळ्याच्या जागी सोडताच ती हळूहळू उघडते व मार्ग मोकळा होतो. छाती वा पोट उघडावे लागत नाही. पित्तनलिका तुंबून होणारी कावीळ व मोठ्या आतड्याचा अडथळा यांवरही असाच उपाय योजतात.

मात्र स्टेंटने कर्करोग बरा होत नाही, हे रुग्णास व कुटुंबीयांस आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. काही रुग्णांस किरणोपचार अधिक हितकारक ठरतात; तो निर्णय तज्ज्ञांचा. नळी सरकणे, गाठ वाढून ती पुन्हा बंद होणे, रक्तस्राव किंवा अन्ननलिकेस छिद्र पडणे हे धोकेही संभवतात. ताप, रक्ताची उलटी, छातीत तीव्र वेदना किंवा पुन्हा घास अडणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

रुग्णाने ताठ बसून, लहान घास नीट चावून, मधून मधून पाण्याचे घोट घेत जेवावे. पेज, वरण, मऊ खिचडी चालते. कोरडी भाकरी, शेवग्याच्या शेंगा आणि बडोदेकरांची आवडती शेव-उसळही टाळावी. नळी जठराच्या तोंडाशी असल्यास रात्री उशाकडील बाजू उंच ठेवावी.

शिक्षक व ग्रामसेवकांनी तंबाखू व मद्याचे दुष्परिणाम गावोगाव समजावून द्यावेत. घास अडू लागलेल्या माणसास दुर्बिणीच्या तपासणीसाठी विनाविलंब पाठवावे, आणि 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचा लाभ मिळेल काय, याची रुग्णालयात चौकशी करण्यास त्याच्या घरच्यांस साहाय्य करावे. आयुष्य वाढविणे सदैव हाती नसते. उरलेल्या दिवसांत चार घास सुखाने उतरावेत, एवढे मात्र पुष्कळदा साधता येते.