सोंग कोणी घ्यायचं?

 

आज बचतीचा विषय नाही, हप्त्याचाही नाही. आज नाटकाबद्दल बोलू. नाटकात, सिनेमात एखाद्याचं काम करायचं, तर करणारा माणूस त्याच जातीचा, त्याच मातीतला, त्याच दुःखातून गेलेला असावा का? बाईचं काम बाईनंच करावं का? विधवेचं विधवेनंच? ऐकायला हा प्रश्न मुंबई-पुण्याचा वाटतो. पण आमच्या ग्रामसंघाच्या तीन बैठका यावरून गेल्या, म्हणून आज तोच घेऊन आले आहे.

आधी थोडं जुनं सांगते. तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर तुम्हाला माहीतच आहे. आषाढीला तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. रुक्मिणी म्हणजे आपल्या वऱ्हाडची लेक. या लेकीचं काम मराठी रंगभूमीवर गाजलं ते 1916 साली, खाडिलकरांच्या 'संगीत स्वयंवर' नाटकात, आणि ते केलं होतं बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांनी. एका पुरुषानं. त्यांचं नऊवारी नेसणं, दागिने घालणं पाहून मोठ्या घरच्या बाया तसं नेसायला लागल्या. बाई कशी दिसते हे बायांनी पुरुषाकडून शिकायचं! बी.ए.ला हे वाचलं तेव्हा आधी हसू आलं, मग राग आला.

राग बालगंधर्वांचा नाही. त्यांच्या कलेला नाव ठेवावं एवढी माझी लायकी नाही. राग याचा, की त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला रंगमंचावर पाय ठेवायची सोय नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके साडी नेसून तारामती झाले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच! दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलं, ते मोठं धाडसच होतं. नाटकात 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं बायांचं काम बायांनी करायची वाट रुळायला लागली. तमाशात बाया त्याआधीपासून नाचत-गात होत्याच की. पण त्यांना मानानं नटी म्हणणारं कोण होतं?

पुरुषानं बाईचं सोंग घेतलं यात मला वावगं वाटत नाही. आपल्या दंडारीत पोरं साडी नेसून नाचतात, आपणही टाळ्या देतो. पण त्याला बाई होता येत होतं आणि बाईला बाईही होता येत नव्हतं, यात वावगं आहे. टीव्हीवरच्या विनोदाच्या कार्यक्रमात गडी साडी नेसून लचकत चालतो आणि लोक पोट धरून हसतात. बाई खरंच अशी चालते का वं?

तीच गत आपल्या बोलीची. मालिकेत वऱ्हाडी कोण बोलतं? घरगडी नाहीतर बावळट पाहुणा. आणि ते बोलणाऱ्याला 'करून राहिलो' कुठं लावायचं हेही धड माहीत नसतं. अमरावतीचे भारत गणेशपुरे टीव्हीवर बोलायला लागले, तेव्हा आपली बोली जशीच्या तशी कानावर आली, बरं वाटलं. तरी तीही हसवण्यासाठीच. वऱ्हाडी बोलणारी डॉक्टरीण मालिकेत मी तरी अजून पाहिली नाही.

मग ज्याचं त्यानंच करावं असा नियम करायचा का? 'फँड्री' आठवून पाहा, 2013 चा. त्यातला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातल्या केम गावचा पोरगा. सिनेमाची कुठलीही शाळा शिकलेला नव्हता, पण त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळ्यांनी त्याला गावातून उचलला नसता, तर त्या पोराला कोणी दारात उभं केलं नसतं. आणि त्याच सिनेमात त्याचा बाप झालेले किशोर कदम नाटकात मुरलेले नट. डुक्कर धरणाऱ्या बापाची लाचारी त्यांनीही तितकीच खरी उभी केली. एक त्या मातीतला, एक अभ्यासातला. दोघंही लागले.

मुंबईच्या गौरी सावंत या तृतीयपंथी कार्यकर्त्या आहेत. त्यांच्या आयुष्यावरच्या 'ताली' मालिकेत 2023 साली सुश्मिता सेननं त्यांचं काम केलं. तृतीयपंथी नटीला का नाही घेतलं, असं पुष्कळांनी विचारलं. मला हा प्रश्न रास्त वाटतो. कारण सुश्मिताला उद्या राणीचं काम मिळेल, वकिलाचं मिळेल. तृतीयपंथी नटीला मात्र सिग्नलवर टाळी वाजवण्यापलीकडं कोण काही देतं? ज्यांना दुसऱ्याचं काम कोणी देत नाही, त्यांचं स्वतःचंही काम दुसऱ्यानं नेलं, तर त्यांनी करायचं काय? मोठी म्हण आहे आपल्याकडं, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. सोंग कोणाचं हे विचारताना मजुरी कोणाच्या हातात गेली हेही आपण विचारावं. बचत गटवाल्या आहोत आपण.

आता आपल्या जवळची गोष्ट. 'तेरवं' नावाचं नाटक आहे. आपण तेरवी म्हणतो, तेच. श्याम पेठकरांनी लिहिलं, वर्ध्याच्या हरीश इथापेंनी बसवलं. त्यात काम करणाऱ्या बाया म्हणजे विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या बायकाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाली येडे त्यातल्याच एक. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं आमंत्रण मागं घेतल्यावर ते उद्घाटन वैशालीताईंनी केलं. मोठमोठे लेखक समोर बसलेले आणि बोलते आहे आपल्यासारखी शेतातली बाई. त्यांचं दुःख दुसऱ्या कोणी रंगवून सांगायची गरज पडली नाही.

हेच डोक्यात ठेवून आम्ही नाटक बसवायला घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. तसा ठराव आमच्याही ग्रामसभेत यावा म्हणून त्याआधी वीस मिनिटांचं नाटक करायचं ठरलं. आमच्या एका गटात एक एकल ताई आहेत. नवरा जाऊन सात वर्षं झाली. सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, विधवेचं काम तुम्हीच करा, तुमच्याइतकं खरं कोणाला जमणार?

ताई म्हणाल्या, "मले काहून देता ते काम? मी रोज तेच तर करून राहिली. मले सरपंच करा."

सगळ्या हसल्या. पण दुसऱ्या बैठकीत पोटातलं ओठावर आलं. काम खरं व्हावं म्हणून कोणी ताईंना पुढं करत नव्हतं. सवाष्णीनं कपाळ मोकळं ठेवून, काळी पोत काढून उभं राहायचं, तर अपशकुन होतो, नवऱ्याच्या जिवावर येतं, ही भीती होती. म्हणून ते ज्याचं त्याच्याच गळ्यात. ज्या प्रथेविरुद्ध नाटक, तीच प्रथा नाटकातली कामं वाटत होती! त्या दिवसापासून 'ज्याचं त्यानंच करावं' हे वाक्य ऐकलं की मी आधी पाहते, हे कोण म्हणतं आहे आणि कोणाला. 'तेरवं'मधल्या बाया बोलतात ते त्यांचं बोलणं. आमच्या ताईंना मात्र कोणी विचारलंच नव्हतं, त्यांच्यावर ते ढकललं होतं.

तिसऱ्या बैठकीत लग्नाला दोन वर्षं झालेली एक पोरगी उठली, म्हणाली मी करते. तिची सासू दुसऱ्या दिवशी तालमीला येऊन बसली. बरीच बोलाचाली झाली. शेवटी सासूबाईंनी अट घातली, की कुंकू लोकांसमोर पुसायचं नाही, टिकली घरूनच काढून यायचं. आम्ही ऐकलं. सगळंच एका दिवसात होत नाही.

आणि मग जे झालं, ते तालमीला आलेल्या सगळ्यांनी पाहिलं. ती पोरगी जमिनीवर लोळून, छाती बडवून रडायला लागली, सिनेमात रडतात तशी. ताई सरपंचाच्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "एवढं नको रडू वं माय. त्या दिवशी मी रडलीच नाही. सोसायटीच्या कर्जाचा कागद शोधत होती मी, पेटी उघडून. लोक म्हणे, पाहा, हिच्या डोळ्यात पाणी नाही." पोरगी गप झाली. मग ताईंनी तिला पेटी कशी उघडायची, कागद कसे चाळायचे, मधेच कोणी पाणी आणून दिलं तर ग्लास तसाच हातात धरून कसं बसायचं, ते सगळं दाखवलं. पोरीनं जसंच्या तसं उचललं. प्रसंग सवाष्णीनं केला, पण तो ताईंच्या हातचा होता. नाटक सांगताना आम्ही त्यांचं नाव, त्यांच्या परवानगीनं, 'शिकवणाऱ्या' म्हणून घेतलं.

ताईंनी सरपंच अशी केली की खरे सरपंच पहिल्या रांगेत चुळबुळ करायला लागले. कागदावर सही करायच्या आधी तो पूर्ण वाचायचा, हे त्यांनी स्वतःच घातलं, लिहिलेलं नव्हतं. ठराव मात्र त्या दिवशी झाला नाही, पुढच्या ग्रामसभेवर गेला. आम्ही पाठपुरावा करतो आहोत. दरम्यान मूर्तिजापूरकडच्या एका ग्रामसंघानं नाटक मागितलं आहे. आम्ही कळवलं आहे, गाडीभाडं आणि प्रत्येकीची दिवसाची मजुरी द्या, शिकवणाऱ्या ताईंची दुप्पट. उत्तराची वाट पाहतो आहोत.